कवडसा, कोवळं ऊन आणि कातरवेळ : घराजवळ फिरून फोटो काढायला शिकताना

आमच्या स्वयंपाकघरामागे पत्र्याची छोटी शेड आहे. तिच्या पूर्वेकडच्या पत्र्यातला एक खिळा कधीतरी निसटला आणि तिथे वेडंवाकडं भोक राहिलं. डिसेंबरात सकाळी सव्वाआठच्या सुमारास त्यातून येणारा कवडसा समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पडतो, मग हळूहळू खाली सरकत पिठाच्या डब्यावर येतो आणि नऊनंतर फरशीवर उतरतो. भोक कसंही असलं तरी कवडसा गोलच असतो, कारण भिंतीवर उमटतं ते सूर्याचं चित्र. ग्रहणाच्या वेळी हाच कवडसा चंद्रकोरीसारखा होतो. अंतराला साधारण १०८ ने भागलं की चित्राचा व्यास मिळतो. आमच्या शेडमध्ये भोकापासून भिंत अडीच मीटरवर आहे, म्हणजे सव्वादोन-अडीच सेंटीमीटरचा सूर्य. थोडक्यात, ती शेड हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा कॅमेरा आहे आणि त्यात आम्ही सायकली लावतो.

मी फोटो काढायला शिकलो तो या कवडशापासून. त्याआधी कॅमेरा होता, लेन्स होत्या, पिशवीही होती. फोटो मात्र सगळे ‘गेलो होतो बुवा तिथे’ छापाचे. उजेडाकडे बघायची सवय नव्हती, आणि गंमत म्हणजे भाषेत त्याची सगळी तयारी आधीपासून होती. झुंजुमुंजु, तांबडं फुटणं, कोवळं ऊन, टळटळीत दुपार, झाकोळ, तिरीप, उतरती उन्हं, कातरवेळ. यातला प्रत्येक उजेड वेगळा आणि त्यात काढायचे फोटोही वेगळे. हातात फोन असेल किंवा कपाटात पडून असलेला जुना कॅमेरा असेल, तर पुढची उजळणी त्यावरच करता येईल. मी पुण्यात राहतो म्हणून उदाहरणं पुण्याची. तुमची टेकडी, तुमची मंडई तुम्ही घाला.

पायरी १ : पायी जाता येईल अशी एक जागा धरा

पहिल्या सहा महिन्यांसाठी घरापासून चालत वीस मिनिटांत गाठता येईल अशी एकच जागा ठरवा. नदीचा घाट, एसटी स्टँड, शेताचा बांध, सोसायटीमागचा ओढा, काहीही चालेल. मी वेताळ टेकडी धरली. लडाखला आपण एकदा जातो आणि त्या दिवशी जे ऊन नशिबात असेल ते पदरात घेऊन परत येतो. टेकडीवर मात्र फोटो बिघडला तर मंगळवारी पुन्हा जाता येतं. शिकणं होतं ते या मंगळवारी.

एकाच जागी वर्षभर जाण्याची आणखी एक मजा आहे. जूनमध्ये टेकडीवरच्या खाणीतलं पाणी गढूळ आणि ऑक्टोबरात आरशासारखं. नोव्हेंबरात गवत पिवळं पडतं, आणि संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून बघितलं की प्रत्येक तुऱ्याला सोनेरी कड दिसते. फेब्रुवारीत गिरिपुष्पाची पानं झडून फिकट गुलाबी फुलं येतात, त्याच सुमारास पांगारा पेटतो आणि त्यावर मैना, कोतवाल, शिंजीर यांची भांडणं सुरू होतात. मी पहिल्या वर्षी पांगाऱ्याच्या ऐन बहरात दोन आठवडे गावाला होतो. दुसऱ्या वर्षी तारीख वहीत लिहून ठेवली. तुम्हीही एक वही ठेवा: तारीख, वेळ, उजेड कसा होता, काय फुललं होतं. दोन ओळी पुरतात.

पायरी २ : हातात आहे तोच कॅमेरा, पण धुऊन पुसून

फोनच्या भिंगावर बोटाचा तेलकट ठसा असतो. नेहमीच असतो. दिव्यांभोवती पसरट तारे आणि उन्हात पांढुरका पडदा येतो तो बहुतेक वेळा त्याचाच. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाने पुसा, आधी फुंकर मारून धूळ उडवा. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा नवा फोन घेऊनही पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा सुरू करा. त्या रचनेसाठी उपयोगी आहेतच, पण त्याहून जास्त क्षितिज सरळ ठेवायला. उजवीकडे कललेला समुद्र बघून पाणी सांडेल की काय असं वाटतं. फोनवर पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो. मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवून फोटो उजळ किंवा गडद करता येतो. बहुतेकांच्या फोनमध्ये ही सोय असते आणि बहुतेकांनी तिला कधी हात लावलेला नसतो.

फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद पाहणारी असते. त्यामुळे जवळून चेहरा काढला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. माणसाचा फोटो काढताना दोन पावलं मागे या आणि दुप्पट झूम वापरा. मामी खूश होतील.

कॅमेरा असेल तर तीन शब्द समजून घ्या. शटर म्हणजे पडदा किती वेळ उघडा राहणार. अॅपर्चर म्हणजे खिडकी केवढी उघडणार. इथे आकडा उलटा चालतो, एफ/२ म्हणजे मोठी खिडकी आणि एफ/१६ म्हणजे फट. आयएसओ म्हणजे सेन्सरचा, उजेड टिपणाऱ्या भागाचा, आवाज किती वाढवायचा. जुन्या रेडिओसारखं, जास्त वाढवला की खरखर येते. जुन्या लोकांचा एक हिशेब होता, तो अजून चुकत नाही: स्वच्छ उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओइतकं. म्हणजे आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. हलके ढग आले की एफ/११, ढगाळ असेल तर एफ/८. आठवडाभर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर न बघता नुसत्या उन्हाकडे बघून आकडे ठरवा. नंतर तुम्ही भाजी आणायला गेलात तरी मनातल्या मनात ‘एफ/८’ म्हणायला लागाल. घरचे हसतील.

फोटो हलू नये म्हणून दुसरा हिशेब: लेन्स ५० मिलिमीटरची असेल तर शटर निदान १/५०, २०० ची असेल तर १/२०० च्या वर. कोपरं बरगड्यांना टेकवा, अर्धा श्वास सोडा, मग बटण दाबा. धावणारं मूल असेल तर १/५०० लागतं.

पायरी ३ : पहिला आठवडा घरातच

बाहेर पडायची घाई नको. घरात सकाळी सगळ्यात चांगला उजेड कुठल्या खिडकीतून येतो ते शोधा आणि तिथे एक साधी वस्तू ठेवा. मी चहाचा कप ठेवला होता. खिडकी माझ्या पाठीशी असताना कप नुसता कपासारखा दिसला आणि वाफ दिसलीच नाही. कप माझ्या आणि खिडकीच्या मध्ये आला, मागे काळपट कपाट आलं, आणि वाफ पांढऱ्या दोऱ्यासारखी वर चढताना दिसली. तीच वस्तू, तीच खिडकी; मी फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेलो होतो.

हे एकदा कळलं की पुष्कळ गोष्टींचं कोडं सुटतं. वाफ, धूर, धूळ, पाऊस, धुकं, गवताचे तुरे, पानाच्या शिरा, मुलीच्या कानाभोवतीचे भुरभुर केस: या सगळ्यांना उजेड मागून हवा आणि त्यांच्या मागची पार्श्वभूमी गडद हवी. उलट भिंतीचा गिलावा, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कोरीव काम, गोधडीचे टाके यांना उजेड बाजूने हवा, तोही शक्य तितका खालून सरपटत येणारा. उजेड समोरून पडला की सगळं सपाट. पासपोर्ट फोटो तसा असतो, आणि तो कुणालाच आवडत नाही.

एक खेळ सांगतो. वडिलांकडे आगफा क्लिक थ्री होता. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे, आणि रोल धुऊन यायला आठवडा. लग्नाचं घर असलं तरी बाराच. फोनवर हाच नियम लावा: आज बारा फोटो, एकही पुसायचा नाही. सहाव्या फोटोनंतर हात आपोआप थांबतो आणि डोळे काम करू लागतात.

पायरी ४ : पांढरा बगळा आणि काळा दगड

कॅमेऱ्याला रंग कळतात, पण ‘हे मुळातच पांढरं आहे’ किंवा ‘हे मुळातच काळं आहे’ हे त्याला कळत नाही. समोर जे असेल ते सगळं मध्यम करड्या उजेडाचं असावं असं धरून तो हिशेब करतो. म्हणून चुन्याने रंगवलेलं देऊळ फ्रेमभर घेतलं की ते मळकट येतं. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते ठरवणारा आकडा, एकने वाढवा. आणि काळा पाषाण फ्रेमभर घेतला की कॅमेरा तो उजळून राखाडी करतो, तिथे कमी करा.

याचा सराव करायला पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर हे लेणं फार चांगलं आहे. अंगणातला गोल नंदीमंडप, काळा बेसॉल्ट, आत काळोख आणि बाहेर भगभगीत ऊन. कॅमेऱ्याला आपोआप वर ठेवलंत तर दगड सिमेंटचा वाटतो. एक्स्पोजर पाऊण-एकने कमी केलं की दगड दगडासारखा काळा होतो आणि खांबाच्या कडेवरची तिरीप झळकते. एवढंच लक्षात ठेवा की पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉड वापरायला आधी परवानगी लागते. खांबाला पाठ टेकवून उभं राहिलं तरी निभावतं.

बगळ्याची गोष्ट जरा निराळी. बगळा पांढरा म्हणून मी एक्स्पोजर वाढवलं आणि मुठा नदीच्या काठावरचे वीस-पंचवीस फोटो जाळले. बगळा फ्रेममध्ये बोटाएवढा होता आणि भोवती सगळा काळा चिखल. कॅमेरा चिखल बघून आधीच उजळ करत होता, त्यात मी भर घातली. बगळ्याचं पीस न् पीस कोऱ्या कागदासारखं झालं. तेव्हा वस्तू कोणत्या रंगाची आहे यापेक्षा फ्रेमचा जास्त भाग कशाने भरलाय ते बघायचं. काळ्या चिखलात छोटा बगळा: कमी करा. बगळा फ्रेमभर: वाढवा. गडद आलेला फोटो नंतर उजळता येतो. जळलेल्या पांढऱ्यातून मात्र काहीही परत मिळत नाही.

पायरी ५ : आपल्या उन्हाचं वेळापत्रक

इंटरनेटवरचे परदेशी लोक सांगतात, सूर्यास्ताआधीच्या सोनेरी तासात फोटो काढा. आपल्याकडे तो तास नसतो. पुणं साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. इथे सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो, दर तासाला चौदा अंश. क्षितिजापासून सहा अंशांवर आला की सोनेरी रंग भरायला लागतो, आणि तिथून मावळेपर्यंत उरतात पंचवीस मिनिटं. लंडनला सूर्य तिरका घसरत जातो, त्यामुळे तिथे हेच ऊन पाऊण तास टिकतं. म्हणून आपण अर्धा तास आधीच जागेवर पोचून, फ्रेम ठरवून बसलेलं बरं. मी कितीदा तरी टेकडी चढतानाच सूर्य घालवलाय.

सूर्य बुडाल्यावर बॅग भरू नका. पुढची वीस-पंचवीस मिनिटं कातरवेळेची. आकाशाचा निळा-जांभळा आणि दिव्यांचा पिवळा यांचं वजन काही मिनिटं बरोबरीत येतं. दुकानांच्या पाट्या, तुळशीपुढचा दिवा, रस्त्यावरची भुर्जीची गाडी हे सगळं या वेळेत काढायचं. पूर्ण अंधार झाल्यावर काढलं तर आकाश नुसतं काळं फडकं होतं.

दुपारबद्दल मात्र परदेशी सल्ला अगदीच सरसकट आहे. मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. तेव्हा खुशाल झोपा काढा, किंवा ओसरीत, बोळात, मांडवाखाली जा; बाहेरच्या उन्हाचा परतलेला उजेड तिथे मऊ पसरलेला असतो. पण डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारा-साडेबाराला फक्त ४८ अंशांवर असतो. म्हणजे भर दुपारीही माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा थोडीशीच लहान. डिसेंबर-जानेवारीत दिवसभर फोटो काढता येतात. गावच्या जत्रा त्या दिवसांत असतील तर दुपारचीही सोडू नका.

आणि झाकोळ. लोक म्हणतात, आज ऊन नाही, जाऊ दे. झाकोळलेला दिवस म्हणजे आकाशभर ताणलेलं पांढरं धोतर. त्यातून गाळून आलेला उजेड माणसांच्या चेहऱ्यांना आणि फुलांना सगळ्यात चांगला. फक्त आकाश फ्रेममध्ये घेऊ नका.

पायरी ६ : आधी मागचं बघा

फोटो बिघडतो तो बहुधा मागच्या गोष्टीमुळे. आजीच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कपाळातून जाणारी केबलची वायर, खांद्यामागे लाल बादली. म्हणून मी उलटं करतो. आधी पार्श्वभूमी शोधायची: स्वच्छ भिंत, सावलीतली खोल बोळकांडी, लांबवर गेलेलं गवत. मग तिथे काहीतरी येण्याची वाट बघायची. सायकलवाला येतो, मांजर येतं, शाळेची पोरं येतात. नारायण पेठेतल्या एका निळ्या दारासमोर मी चाळीस मिनिटं थांबलो होतो. शेवटी पिवळी साडी नेसलेल्या एक आजी आल्या आणि दाराला कुलूप लावून निघून गेल्या. फोटोत त्यांचा हात आणि कुलूप एवढंच आहे. माझ्या बऱ्या फोटोंपैकी तो एक.

बटण दाबण्याआधी नजर फ्रेमच्या चारी कडांवरून एकदा फिरवा. मग गुडघ्यावर बसा. कुत्रं, मूल, रांगोळी, पाण्याचं डबकं यांचे फोटो उभ्याने काढले की ते सगळे खाली बघितल्यासारखे येतात. पँट मळते, हे खरं.

पायरी ७ : मंडईत, माणसांत

महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ ची. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी आणि भाजी ताजी. पहिल्या दिवशी कॅमेरा काढूच नका. भाजी घ्या, भाव करा, परत या. दुसऱ्या खेपेला विचारा.

मी विचारलं होतं, “मावशी, एक फोटो काढू का तुमचा?”

“कशाला? पेपरात देणार का?”

“नाही हो, हौस आहे. तुम्हाला आणून देईन एक.”

“मग भाजीसकट काढ. आणि थांब, पदर नीट घेऊ दे.”

पदर नीट घेतला, मान ताठ केली, चेहरा दगडासारखा. तो फोटो काढायचाच, तो त्यांचा मान आहे. पण कॅमेरा लगेच खाली घेऊ नका. फोटो झाला असं वाटून माणूस सैल होतो, शेजारणीकडे बघून हसतो, कोथिंबिरीवर पाणी शिंपडतो. दुसरा फोटो तेव्हा. नंतर पडद्यावर दाखवा.

कुणी नको म्हटलं तर “बरं काका” म्हणून पुढे जायचं. लहान मुलांचा फोटो आई-बापांना विचारूनच. झोपलेल्या, आजारी, भीक मागणाऱ्या माणसाचा फोटो मी काढत नाही. त्याला ‘नको’ म्हणायची संधीच नसते. लष्करी हद्द आणि पुण्याचा विमानतळ, जो हवाई दलाचा तळही आहे, तिथे कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

या हौसेची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली, म्हणजे बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू झाल्यानंतर वर्षभराने. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मंडळींपैकी एक होते. डॉक्टरकी सांभाळून काचेच्या जड पट्ट्या आणि रसायनं वागवत फोटो काढायचे म्हणजे काय व्याप असेल. आपल्याला फोन खिशातून काढायचाही कंटाळा येतो.

पायरी ८ : पाऊस, गड आणि काजवे

पाऊस फोटोत ‘दिसत’ नाही अशी तक्रार असते. मागे गडद काहीतरी हवं आणि उजेड पावसाच्या मागून किंवा बाजूने हवा. हा तोच चहाच्या वाफेचा धडा. थेंब गोठवायचे तर १/५००, धारा हव्यात तर १/६० च्या आसपास. धबधबा दुधासारखा हवा असेल तर पाव ते एक सेकंद, आणि कॅमेरा दगडावर पिशवी ठेवून टेकवा. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, लेन्सपाशी रबरबँड. छत्री दुसऱ्याच्या हातात. तो दुसरा जोडीदार कोण, यावर तुमची पावसाळी फोटोग्राफी अवलंबून आहे.

एसी गाडीतून उतरून थेट कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते. ती आतूनही धरू शकते. बॅग बंद ठेवून वीस मिनिटं थांबा. आणि घरी आल्यावर ओला कॅमेरा ओल्या बॅगेत ठेवू नका. मी एक पावसाळाभर लेन्स कापडी पाऊचमध्ये कपाटात ठेवली होती. दिवाळीत काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. एका दुरुस्तीवाल्याने साफ करून दिली, पण भिंगावरचा लेप थोडा गेला आणि आता उन्हाकडे रोखली की ती लेन्स दुधाळ होते.

त्यानंतर स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा डबा घेतला, आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आणि सिलिका जेलची पुरचुंडी ठेवली. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा पिऊन भरले असं समजायचं. मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं विषारी क्षार असतं, म्हणून त्यासाठी एखादं मोडीतलं भांडं कायमचं वेगळं ठेवा. पोळीच्या तव्यावर नको. तांदळाच्या डब्यात कॅमेरा खुपसण्याचा उपायही सोडून द्या. पीठ आत जातं.

गडावर जाताना एकच लेन्स न्या. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर नशीब असेल तर इंद्रवज्र दिसतं: दरीतल्या ढगावर गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपलीच सावली. त्यासाठी सूर्य पाठीशी आणि ढग समोर, आपल्या खाली लागतो. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे वेळ सकाळची. ढग पांढरे असतात, तेव्हा एक्स्पोजर थोडं वाढवा. आणि कड्याच्या टोकाशी पोटावर झोपून बघा, उभ्याने पडद्याकडे बघत मागे सरकू नका.

मेअखेर ते जूनमध्ये पहिल्या पावसाआधी भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजवे चमकतात. झाडभर हजारो ठिपके असलेले जे फोटो तुम्ही बघता, ते बहुधा पंधरा-तीस सेकंदांचे अनेक फोटो एकावर एक रचून केलेले असतात. तुमच्या एका फोटोत मोजके ठिपके आले तर हिरमुसू नका. ट्रायपॉड, मोठी खिडकी, आयएसओ १६०० च्या आसपास, फोकस हाताने, दिवस मावळायच्या आत झाडावर बांधून ठेवलेला. टॉर्च आणि फ्लॅश बंद. काजवे उजेडाने बोलतात. आपण टॉर्च मारला की त्यांचं जमायचं लग्न मोडतं.

कासच्या पठारावर सप्टेंबरात जाणार असाल तर पायवाटेवरूनच. एका फुलाचा फोटो घ्यायला बसलेला माणूस बुडाखाली पन्नास चिरडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पायरी ९ : निवडणं, ठेवणं, छापणं

त्याच रात्री फोटो निवडू नका. टेकडी चढून दमलेलं मन सगळ्यांवर माया करतं. आठवड्याने बघा, शंभरातले पाच ठेवा. फोटो तीन ठिकाणी असू द्या: संगणकावर एक, वेगळ्या हार्ड डिस्कवर एक, आणि एक घराबाहेर, भावाकडे किंवा क्लाउडवर. मी हा नियम चुलतबहिणीच्या हळदीचे फोटो असलेलं कार्ड फॉरमॅट करून शिकलो. ती अजून विषय काढते.

व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. छापायला द्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० ठिपके लागतात, म्हणजे जेमतेम बावीस लाख. आठ बाय बाराला साडेशहाऐंशी लाखांच्या आसपास. पाच-सात वर्षांपूर्वीचा फोनही एवढं देतो, तेव्हा ‘प्रिंटएवढी क्वालिटी नाही’ ही सबब चालत नाही. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून मग फोटो तपासा. फुल उजेडात बघून दिलेले प्रिंट काळपट येतात.

मंडईतल्या मावशींना मी फोटो लॅबमधून छापून दिला, तोच दुसरा, हसतानाचा. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, शेजारणीला दाखवला, आणि काट्याच्या मागच्या पाटीला चिकटपट्टीने लावला. तिथे रोज सकाळी उन्हाची तिरीप येते. वर्षभरात फोटोतली कोथिंबीर निळसर पडली. मागच्या रविवारी मी म्हटलं, नवीन छापून आणतो. तर म्हणाल्या, “छापू नको, नवीनच काढ. मेथीच्या सीझनला ये.”